पाण्यावरचे भूखंड : मुंबई किती वेळा ‘भरली’, आणि संधी नेमकी कोठे होती?

१/
१८६४ साली मुंबईत एका अशा जमिनीची विक्री तेजीत होती, जी अद्याप अस्तित्वातच आलेली नव्हती. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधल्या बॅक बेच्या पाण्यात भराव घालून ती निर्माण व्हायची होती. ती निर्माण करू पाहणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर तेजीच्या शिखरावर ५०,००० रुपयांच्या घरात पोहोचला. वर्षभरात तो २,००० रुपयांनाही कोणी घेईना. पुढे १९२० साली त्याच पाण्यावर पुन्हा डाव मांडला गेला. या वेळी तो मांडणारे खुद्द सरकार होते.

२/
या दोन डावांच्या मध्ये, १९१५ साली, गावदेवीत पगारदार कारकुनांची एक लहानशी संस्था उभी राहिली. तिने समुद्र हटवला नाही आणि तिचे शेअर बाजारात उसळलेही नाहीत. तरी आज मुंबईतील लक्षावधी कुटुंबे ज्या पद्धतीने घराची मालकी बाळगतात, त्या पद्धतीचा धागा बॅक बेकडे नव्हे, तर त्या संस्थेकडे जातो. ‘शहर भरले, आता गुंतवायला जागा उरली नाही’ हे वाक्य मुंबईने अनेकदा ऐकले. ते दर वेळी कितपत खरे ठरले, हे पाहण्यासाठी हा थ्रेड.

३/
आरंभ कोटापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची प्रतिष्ठेची वस्ती आणि व्यापार दोन्ही तटबंदीच्या आत कोंबलेली होती. तोफांच्या माऱ्याला अडथळा नको म्हणून तटाबाहेरचे मैदान मोकळे ठेवलेले. त्यापलीकडे गिरगाव, काळबादेवी, मांडवी, भुलेश्वर येथील दाट वस्ती. व्यापार वाढत होता. १८५३ मध्ये आगगाडी आली, १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली. परंतु जमीन होती तेवढीच. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या शहरात ‘जागा संपली’ ही भावना म्हणूनच लवकर रुजली.

४/
१८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडण्याचे काम हाती घेतले. भिंती पडल्या, खंदक बुजले आणि शहराच्या मध्यभागी एकाएकी मोकळी जमीन उपलब्ध झाली. सरकारने तिच्यातील भूखंड विकले आणि त्या उत्पन्नातून सार्वजनिक इमारतींचा निधी उभा केला. आज फोर्टात दिसणाऱ्या भव्य गॉथिक इमारतींच्या पायाशी हा जमीनव्यवहार आहे. शहर भरले नव्हते. ते एका जुन्या लष्करी गरजेने अडवून धरलेले होते. हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडेल.

५/
त्याच वेळी सात समुद्रांपलीकडे युद्ध पेटले होते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस याच दक्षिणेतून येत असे. तो आटताच इंग्लंडची नजर खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. पुढच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा मिळकत झाली, असा समकालीनांचा अंदाज होता.

६/
एवढा पैसा ठेवायचा कोठे? मुंबईचा खरा पेच येथे सुरू होतो. गिरण्या मोजक्या होत्या. जुन्या वस्तीतील घरे आधीच गजबजलेली होती. तेव्हा पैशाने स्वतःसाठी नवी पात्रे घडवली. १८६५ च्या प्रारंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या; शिवाय कापूस दाबणाऱ्या, जहाजांच्या आणि विम्याच्या कंपन्या निराळ्याच. दहा वर्षांपूर्वी सर्व प्रकारच्या मिळून जेमतेम दहा भागीदारी कंपन्या होत्या. या साऱ्या नव्या उद्योगांत सर्वांत मोहक ठरल्या त्या जमीन कंपन्या.

७/
त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटे. मुंबई वाढणार, जमीन वाढू शकत नाही, म्हणून जो जमीन ‘तयार’ करील तो राजा. युक्तिवादात तथ्यही होते. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी खरोखरच भराव घालून गोद्यांसाठी व गोदामांसाठी जागा निर्माण करत होती, आणि त्या जागेला गिऱ्हाईक होते : बंदरात येणारा माल. जहाजाला धक्का लागतो, कापसाच्या गासड्यांना छप्पर लागते. गरज डोळ्यांसमोर होती.

८/
बॅक बेची गोष्ट निराळी होती. तेथे भराव पुरा होण्याच्या कितीतरी आधी शेअर हातोहात फिरू लागला. घेणाऱ्याला जमीन नको होती. त्याला तो कागद पुढच्या माणसाला चढ्या भावाने विकायचा होता. या खेळाचे साधन म्हणजे वायद्याचे सौदे. ठरावीक तारखेला ठरावीक भावाने शेअर घेण्याचा करार आज करायचा, आणि त्या दिवशी फक्त भावातील फरक चुकता करायचा. हातात रोकड नसतानाही मोठमोठे सौदे करता येत.

९/
रोकड हवी असेल तर ती बँक देई. सरकारची भागीदारी असलेल्या बँक ऑफ बॉम्बेवर पूर्वी शेअरच्या तारणावर कर्ज देण्याबाबत निर्बंध होते. १८६३ च्या नव्या कायद्याने ते सैल झाले. आता जमीन कंपनीचा शेअर बँकेत ठेवायचा, त्यावर कर्ज उचलायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे आणि तेही पुन्हा तारण ठेवायचे. या वर्तुळाच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे सुरतेत जन्मलेले, तिशीतले, तल्लख बुद्धीचे दलाल होते. त्यांच्या शब्दावर बँकेची तिजोरी उघडे, असे तेव्हाचे वातावरण होते.

१०/
भाव चढत असतो तोवर हे चक्र सुरळीत फिरते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी अमेरिकेत शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळू लागले. वायद्याच्या असंख्य सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५. तो दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांकडे पैसा नव्हता आणि तारणांना किंमत नव्हती. एकाचे दिवाळे दुसऱ्याला घेऊन बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही. १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

११/
या पडझडीत केवळ सटोडिये सापडले असते तर ती कथा सोपी झाली असती. ज्यांच्या नावाने भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय आज ओळखले जाते, ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही संपत्ती या वावटळीत गेली. प्राचीन शिलालेखांचा अभ्यासक, नामांकित वैद्य, शहरातील शहाण्यासुरत्या माणसांत गणना होणारा हा पुरुष. बुद्धी आणि विद्या ही सट्ट्यापासूनचे कवच ठरत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला मुंबईच्या इतिहासात क्वचितच मिळेल. तेव्हा तरुण असलेल्या दिनशा वाच्छा यांनी ही धुंदी डोळ्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

१२/
आता आकडे पाहावेत. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ होती. मोजणीच्या पद्धतीतील फरक जमेस धरला तरी अर्थ स्पष्ट आहे : तेजीने ओढून आणलेली माणसे मंदीत परत गेली. ‘मुंबई वाढणारच’ या गृहीतकावर ज्यांनी पाण्याला भाव दिला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत शहर आकसले. वस्ती पुन्हा आठ लाखांवर जायला १८९१ साल उजाडले. अंदाज चुकला नव्हता; तो सुमारे पंचवीस वर्षे लवकर केला गेला होता. कर्जाऊ पैशाने गुंतवणूक करणाऱ्याला एवढी वर्षे थांबता येत नाही.

१३/
मग भरावाचे काय झाले? एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता १८७० च्या सुमारास सरकारने विकत घेतली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक खुला झाला. पूर्व किनाऱ्याची ती जमीन पिढ्यानुपिढ्या बंदराच्या कामी आली. बॅक बे कंपनीच्या पदरी मात्र एक अरुंद पट्टी पडली. तिच्यावरून पुढे चर्चगेट-कुलाब्याकडे जाणारी रेल्वे धावली. दोन्हीकडे जमीन समुद्रातूनच काढली होती. एकीकडे वापरणारा ठाऊक होता, दुसरीकडे फक्त पुढचा खरेदीदार.

१४/
पुढील तीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि शहर खरोखर दाटले. गिरणीचा भोंगा वाजताच हजर व्हायचे तर चालत जाण्याच्या अंतरावर राहणे भाग. त्यामुळे परळ-भायखळ्याच्या आसपास एकखोली चाळींची रांग लागली. चाळीच्या मालकाला हा धंदा किफायतशीर होता, कारण खोली कधी रिकामी राहत नसे. १९११ च्या सुमारास शहरातील जवळजवळ दोन तृतीयांश माणसे एकेका खोलीत संसार करत होती. घरांच्या बाजाराची ही खरी मागणी होती. तिला भरावाच्या शेअरमध्ये रस नव्हता.

१५/
या दाटीची किंमत १८९६ मध्ये कळली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे निदान झाले. हजारो माणसे दगावली, लाखो गाव सोडून पळाली. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या चिरून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या थोड्या बांधल्या गेल्या. निघालेली कुटुंबे शेजारच्याच चाळींत शिरली. तेथील दाटी वाढली, भाडी वाढली.

१६/
ट्रस्टचे दुसरे काम अधिक दूरगामी ठरले. त्याने दादर-माटुंगा भागातील शेते व खाजणे ताब्यात घेऊन रस्ते, गटारे, बागा आखल्या आणि भूखंड भाडेपट्ट्याने देऊ केले. आरंभी तिकडे कोणी फिरकेना. ‘एवढ्या लांब कोण जाणार?’ हा तेव्हाचा प्रश्न. सुमारे दोन दशके पुष्कळसे भूखंड तसेच पडून होते. दक्षिण मुंबई ‘भरलेली’ आणि दादर ‘रिकामे’ अशी ही स्थिती एकाच वेळी होती. उणीव जमिनीची नव्हती. त्या जमिनीवर मध्यमवर्गीयाला परवडेल असे घर आणि तेथवर नेणारी वाहतूक यांची होती.

१७/
येथे गावदेवीची संस्था येते. उत्तर कानडा जिल्ह्यातून मुंबईत नोकरीस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातील मंडळींनी १९०६ मध्येच शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली होती. तिचे सूत्रधार श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही दार उघडले. तालमकींनी या फटीतून वाट काढली. १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली आणि ट्रस्टच्या गावदेवी येथील भूखंडांवर तिच्या इमारती उभ्या राहिल्या.

१८/
योजना अशी होती. एकट्या कारकुनाला भूखंड घेणे अशक्य. पण अनेकांनी भागभांडवल एकत्र केले तर संस्था भूखंड भाडेपट्ट्याने घेऊ शकते, कर्ज काढू शकते, इमारत बांधू शकते. मालक संस्था, आणि भाडेकरू तिचेच सभासद. भाडे ठरते ते खर्च आणि कर्जफेड यांच्या हिशेबाने. घरमालकाच्या मर्जीने भाडे वाढण्याची भीती नाही, उद्या बाहेर काढले जाण्याची भीती नाही. जमीन तीच होती, शहर तेच होते, पगारही तेच होते. नवी होती ती फक्त मालकीची रचना.

१९/
या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही संस्था एका जातीच्या, नियमित पगार असलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची होती. विश्वास हेच तिचे तारण, आणि तो विश्वास जातीच्या चौकटीतून आला होता. पुढे निघालेल्या अनेक सोसायट्याही समाजनिहाय निघाल्या. वांद्र्याची १९१८ ची सॉल्सेट कॅथलिक सोसायटी हे त्याचे ठळक उदाहरण. गिरणी कामगाराला, ज्याच्या महिन्याच्या मजुरीचाच भरवसा नव्हता, या रचनेत स्थान नव्हते. संधी सापडली होती, पण सर्वांसाठी नव्हे.

२०/
पहिल्या महायुद्धाने पुन्हा तेजी आणली. गिरण्यांचा नफा फुगला, घरभाडी एवढी कडाडली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि दोन प्रचंड कामे हाती घेतली : बॅक बेमध्ये १,१४५ एकरांचा भराव, आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या. हिशेब १८६४ चाच होता. आजच्या तेजीतील भाव उद्याही टिकतील, भूखंड विकले जातील, खर्च निघून वर नफा उरेल.

२१/
समुद्राने हिशेब मानला नाही. गाळ उपसणारी यंत्रे अपेक्षेइतके काम करीनात; समुद्रभिंतीतून गाळ परत वाहून जाऊ लागला; खर्च फुगत गेला. दरम्यान युद्धोत्तर तेजी ओसरली आणि जमिनीचे भाव उतरले. वकील खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. लोकांनी योजनेचे नाव ठेवले ‘लॉइड यांचा मूर्खपणा’. नरिमन यांच्यावर हार्वी या अभियंत्याने बदनामीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. योजना छाटली गेली आणि अखेर सुमारे ४४० एकर जमीन हाती आली. तिचा मोठा हिस्सा लष्कराकडे गेला.

२२/
कामगारांच्या खोल्यांचे काय? वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या गेल्या. ५०,००० खोल्यांचा संकल्प सुमारे एक तृतीयांशावर थांबला. काँक्रीटच्या त्या तीन मजली चाळी आरंभी कित्येक वर्षे अर्धवट रिकाम्या होत्या. भाडे कामगाराला जड, काही ठिकाणे गिरणीपासून लांब, खोल्या कोंदट. घराची टंचाई असलेल्या शहरात घरे रिकामी पडली! टंचाईचा आकडा बरोबर होता. टंचाई सोसणाऱ्याच्या खिशाची आणि पायांची चौकशी कोणी केली नव्हती.

२३/
याच दशकात ‘दूरचे’ दादर-माटुंगा मात्र भरू लागले. ट्रस्टने आखलेल्या भूखंडांवर तीन-चार मजली इमारती आल्या, आणि त्यांत चाळीहून वेगळे घर होते : स्वतंत्र स्वयंपाकघर, आतच न्हाणीघर आणि शौचकूप असलेला ब्लॉक. बंगला परवडत नाही आणि चाळ नको, अशा पगारदार कुटुंबांसाठी तो नेमका मध्य होता. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती ही त्यातून घडली. १९२५ पासून उपनगरी गाड्या विजेवर धावू लागल्या आणि ‘लांब’ या शब्दाचा अर्थच बदलला.

२४/
बॅक बेची जमीनही वाया गेली नाही. तिला वेळ लागला. १९३० व १९४० च्या दशकांत मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हलच्या पश्चिमेस आर्ट डेको शैलीतील इमारतींची ओळ उभी राहिली. २०१८ मध्ये त्या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ओव्हलच्या एका बाजूला त्या इमारती आहेत, तर समोर १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर, प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला. दोन्ही सट्ट्यांचे अवशेष एकाच मैदानाकडे तोंड करून उभे आहेत.

२५/
स्वातंत्र्याच्या वर्षी आणखी एक दार बंद झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. पण भाड्यासाठी इमारत बांधण्यात गुंतवणूकदाराला अर्थ उरला नाही. पागडीचा व्यवहार पसरला. बांधकाम थांबले का? नाही, त्याने रूप बदलले. घर भाड्याने देण्याऐवजी विकायचे, आणि इमारतीची मालकी रहिवाशांच्या सहकारी सोसायटीकडे सोपवायची, ही रीत रुळली. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने तिला चौकट दिली.

२६/
गावदेवीतील जुनी रचना आता वेगळ्या अंगाने परतली होती. तालमकींच्या संस्थेत सभासद भाडेकरू होता आणि नफ्याला वाव नव्हता. नव्या रचनेत सदनिका ही विकता येणारी मालमत्ता झाली. सहकाराचा सांगाडा टिकला, हेतू पालटला. आज मुंबईत सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवरून वाद घालणारी माणसे नकळत त्या १९१५ च्या प्रयोगाचेच वारसदार आहेत.

२७/
बाजार ‘भरला’ असे म्हणताना मुंबईने दर वेळी एकच वस्तू मोजली : जमीन. १८६२ मध्ये तटाने, १९१५ मध्ये मालकीच्या पद्धतीने, १९२५ मध्ये प्रवासाच्या वेळेने आणि १९४७ नंतर भाड्याच्या कायद्याने जागा अडवली होती. त्या त्या वेळी तो अडसर ज्याने ओळखला, त्याला जमीन निर्माण करावी लागली नाही. ज्यांनी अडसराची चौकशी न करता केवळ पुढच्या खरेदीदारावर भिस्त ठेवली, ते कर्जाच्या तारखेला उघडे पडले.

२८/
बॅक बेचा उरलेला भाग १९६० च्या दशकानंतर तिसऱ्यांदा भरावाखाली आला. त्यावर कार्यालयांचे उंच मनोरे उभे राहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांची भाडी जगातील सर्वांत महागड्या भाड्यांत मोजली गेली. पुढे कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळल्या आणि तेथील दिमाख ओसरला. त्या भूमीला नाव मात्र ज्याने त्याच समुद्रातील सरकारी हिशेब उघडे पाडले, त्याचे मिळाले : नरिमन पॉइंट.